तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि भाड्याची यंत्रे : नागपुरातील एका दुकानाचा अनुभव

यंत्रे दिवसाच्या बोलीवर भाड्याने देणाऱ्या दुकानांचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे बांधकामाचे ठेकेदार, फॅब्रिकेशनवाले आणि फर्निचरचे मिस्त्री. घरच्या हौसेपायी, तेही एकाच वस्तूसाठी यंत्र मागणारा माणूस तिथे क्वचितच जातो. मी यंदा तान्ह्या पोळ्यासाठी भाचीला द्यायचा लाकडी नंदी घरी घडवला आणि त्याकरिता नागपुरात सेंट्रल अव्हेन्यूलगतच्या अशा एका दुकानातून जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या पात्याने वळणे कापणारे यंत्र) आणि डाय ग्राइंडर (वेगाने फिरणाऱ्या दातेरी टोकाने झिजवणारे यंत्र) ही दोन यंत्रे भाड्याने आणली. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण सांगण्यासारखे जे आहे ते त्या एका दुकानापुरते नसून अशा कोणत्याही दुकानात जाणाऱ्या हौशी माणसाच्या उपयोगाचे आहे.

निष्कर्ष आधीच सांगते. एकदाच करायच्या कामासाठी वीजयंत्र विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे मला सर्व बाजूंनी पटले. मात्र यंत्राचा जो भाग प्रत्यक्ष लाकडाला टेकतो, म्हणजे जिगसॉचे पाते आणि ग्राइंडरचा बर (त्याचे फिरणारे दातेरी टोक), तो दुकानाच्या डब्यातला मुळीच वापरू नये. तो नवा, स्वतःच्या पैशांचा आणि लाकडाची जात पाहून निवडलेला असावा. दुकानाने यंत्रे कामापुरती चांगली दिली आणि पैशांचा व्यवहार चोख ठेवला, पण यंत्राची हाताळणी समजावून सांगण्यात आणि सोबतच्या सुट्या भागांच्या बाबतीत ते कमी पडले.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, नागपूर आणि आसपासच्या भागात तान्हा पोळा भरतो. लहान मुले चाके लावलेला लाकडी नंदी सजवून आणतात, नंदीची पूजा होते, मग मुले तो घेऊन ओळखीच्या घरी जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे भेटीचे पैसे किंवा खाऊ, मिळतो. नागपूरच्या भोसले घराण्यातील दुसऱ्या रघुजीराजांनी 1806 मध्ये ही प्रथा सुरू केली, असे सांगितले जाते. सणाच्या आधी बाजारात तळहाताएवढ्या नंदीपासून मुलाच्या छातीला लागेल एवढ्या नंदीपर्यंत सर्व आकार मिळतात आणि त्यांतले कितीतरी फार देखणे असतात. ज्याला केवळ नंदी हवा आहे त्याने तो कारागिराकडूनच घ्यावा, त्याची मेहनत आणि त्याचा हात आपल्याकडे नाही. मला तो स्वतः घडवण्याची हौस होती आणि ती हौस एका नंदीपुरतीच होती. भाडे की खरेदी, हा सगळा हिशोब या शेवटच्या वाक्यावर उभा आहे.

हत्यार कोणते लागणार हे वस्तूच्या रचनेवर ठरते, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी रचना पक्की करणे आवश्यक आहे. अखंड ओंडक्यातून नंदी कोरायचा तर वाकस, जाड पटाश्या आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. त्याऐवजी मी साधारण एक इंच जाडीच्या पाच फळ्या घ्यायचे ठरवले. मधल्या फळीत डोके, मान, वशिंड आणि शेपटीचा उगम, तिच्या दोन्ही अंगांना पोटाचा फुगवटा देणाऱ्या दोन फळ्या, आणि बाहेरच्या दोन फळ्यांत पाय. प्रत्येक फळी निराळी कापायची, मग पाचही एकमेकींना चिकटवायच्या आणि कडा झिजवून गोलाई आणायची. या रचनेमागे एक तांत्रिक कारण आहे. जिगसॉचे पाते एकाच टोकाला धरलेले असते, खालचे टोक मोकळे असते. त्यामुळे जाड लाकडात वळण घेताना ते खालच्या बाजूला तिरपे सरकते आणि वरची रेघ अचूक असली तरी खालची चुकते. एक इंचाच्या फळीत हा फरक नगण्य असतो, चार इंचांच्या ठोकळ्यात तो सगळा आकार बिघडवतो. पाच इंच जाडीचा ठोकळा एकसंध कापायचाच असेल तर त्यासाठी बँडसॉ (पट्ट्यासारखे अखंड पाते फिरवणारे मोठे यंत्र) लागतो, आणि तो घरी आणायचा विषय नव्हे. लकडगंज या नागपूरच्या लाकूडबाजारातल्या एखाद्या कारखान्यात मजुरी देऊन तेवढे काम करून घेणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

यंत्र उसने मागण्याचा पर्याय अनेक जण सर्वांत आधी सुचवतात. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे दोन्ही यंत्रे आहेत आणि मी शब्द टाकला असता तर त्यांनी नाही म्हटले नसते. तरीही मी मागितले नाही आणि इतरांनीही मागू नये असे मला मनापासून वाटते. सुताराचे यंत्र म्हणजे त्याच्या रोजच्या मजुरीचे साधन आहे. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस त्याच्या कामाचे असतात, आणि हौशी हातात कार्बन ब्रश जळाला किंवा वायर तुटली तर नुकसान आपल्या भरपाईच्या पैशांपुरते राहत नाही, त्याचा दिवस बुडतो. शिवाय भिडेपोटी तो भरपाई मागतही नाही. ओळखीचा उपयोगच करायचा असेल तर त्यांचा एक तास मजुरी देऊन घ्यावा आणि आपल्या फळीवर त्यांच्याकडून दोन वळणे कापून घेऊन हात कसा चालतो ते नीट पाहावे. मी तेच केले, आणि या सगळ्या खटाटोपात त्या तासाइतका मोबदला कशाचाच मिळाला नाही.

विकत घेण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. नावाजलेल्या कंपन्यांचा साधा जिगसॉ साधारण चार हजारांच्या आसपास आणि डाय ग्राइंडर त्याहून जास्त किमतीला पडतो. इतवारीच्या बाजारात आणि ऑनलाइन याच्या निम्म्याहून कमी किमतीची बिननावाची यंत्रेही मिळतात, आणि अनेकांना वाटते की दोन-तीन वेळच्या भाड्यात येणारे यंत्र घरचेच का घेऊ नये. जिगसॉच्या बाबतीत हा विचार अगदीच चुकीचा नाही. घरात प्लायवूड कापणे, किचन ट्रॉलीला खाच पाडणे, जुन्या दाराची कड कापून घेणे अशी कामे निघत राहतात, त्यामुळे ज्याच्या हाताला लाकडाची सवय आहे त्याने जिगसॉ विकत घेतला तरी तो पडून राहणार नाही. डाय ग्राइंडरचे तसे नाही. मिनिटाला 25,000 ते 28,000 फेरे घेणारे हे यंत्र मुळात धातूच्या साच्यांच्या आतल्या कडा घासण्यासाठी आहे आणि घरगुती कामात त्याला दुसरी जागा जवळजवळ नाही. स्वस्तातल्या यंत्रात नेमका तिथेच दगा होतो जिथे तो परवडणारा नसतो, म्हणजे कॉलेटमध्ये. कॉलेट म्हणजे बरची दांडी घट्ट पकडणारे चिरा पाडलेले छोटे नळकांडे. ते केसभर जरी वाकडे असले तरी एवढ्या वेगाला बर थरथरू लागतो आणि ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढते. त्यामुळे या यंत्राबाबत माझे मत स्पष्ट आहे: एका वस्तूसाठी स्वस्त ग्राइंडर विकत घेण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा भाड्याने घ्यावा.

खेळणी आणि दागिन्यांच्या बारीक कामात ड्रेमेलसारखी छोटी रोटरी यंत्रे वापरतात. त्यातले 3000 हे मॉडेल 130 वॅटचे आहे आणि पेनासारखे धरता येते. नंदीचे डोळे, नाकपुड्या, गळ्यातल्या घुंगरांची माळ यांसाठी ते उत्तम, पण सागवानी पोटाला गोलाई आणण्यासाठी त्याची ताकद अपुरी आहे. तिथे 400 ते 600 वॅटचा डाय ग्राइंडरच हवा. डोळ्यांसारखे बारीक काम मी लहान गोल पटाशीने हातानेच केले.

आता दुकानाविषयी. आधार कार्डची झेरॉक्स, मोबाईल क्रमांक आणि प्रत्येक यंत्रामागे 2,000 रुपये अनामत एवढ्यावर यंत्र मिळते. भाडे जिगसॉला दिवसाला 200 आणि ग्राइंडरला 250 रुपये होते. दिवस म्हणजे नेल्या वेळेपासून चोवीस तास, आणि रविवारी दुकान बंद असल्याने शनिवारी संध्याकाळी नेलेले यंत्र सोमवारी सकाळी परत केले तर भाडे एकाच दिवसाचे धरतात. नोकरी करणाऱ्या हौशी माणसासाठी ही सवलत फार मोलाची आहे आणि ती पाटीवर कुठेही लिहिलेली नाही. विचारले तरच कळते. पावतीवर यंत्राचा क्रमांक, अनामत रक्कम आणि परतीची वेळ लिहून दिली, हे विशेष नोंदवण्यासारखे वाटते. "ताई, हे तुमच्याकडे कोण चालवणार?" असा प्रश्न आला खरा, पण मीच चालवणार म्हटल्यावर काउंटरवरच्या दादांनी पुढे आढेवेढे घेतले नाहीत.

मात्र यंत्र कसे धरायचे, काय टाळायचे हे त्यांनी आपणहून एका शब्दानेही सांगितले नाही. ठेकेदाराच्या माणसाला ते सांगावे लागत नसेल, पण नवख्याच्या हाती 28,000 फेऱ्यांचे यंत्र देताना दोन मिनिटे दाखवून देणे ही दुकानाची जबाबदारी आहे. मी स्वतः विचारत गेले तेव्हा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नीट आणि आपुलकीने मिळाले. म्हणजे माहिती होती, ती देण्याची पद्धत नव्हती.

जिगसॉ घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. पहिली म्हणजे पात्याच्या मागे असलेली छोटी रोलर. पाते तिच्या खाचेत टेकून चालते. ती झिजलेली असेल किंवा फिरत नसेल तर पाते मागे-बाजूला हलते आणि वळण कधीच नीट येत नाही. दुसरी म्हणजे तळपत्री पात्याशी काटकोनात आहे का, हे गुण्या लावून पाहावे; भाड्याच्या यंत्राची तळपत्री कोणीतरी पंचेचाळीस अंशांना वळवून पुन्हा अंदाजाने सरळ केलेली असते. तिसरी म्हणजे वायर. मला प्रथम दिलेल्या यंत्राच्या वायरला मध्येच काळी टेप गुंडाळलेली होती. ते मी परत केले, आणि दुकानाने तक्रार न करता दुसरे दिले. पोळ्याचे दिवस पावसाळ्याचे असतात, गॅलरीतली फरशी ओलसर असते, आणि टेप लावलेल्या वायरीचे यंत्र अशा जागी चालवणे धोक्याचे आहे. घरात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका) बसवलेला असेल तर यंत्र त्याच सर्किटवर लावावे. यंत्राच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचे असते आणि त्याला दोनच पिनांचा प्लग असतो. तिसरी पिन नाही म्हणून त्यात खोट समजू नये.

दुकानाने जिगसॉसोबत डब्यात काही पाती दिली होती. ती टी-आकाराच्या खोबणीची, म्हणजे आजकाल सर्वत्र चालणारी होती, पण त्यांच्या दातांची धार गेलेली होती आणि एक तर धातू कापायचे होते. इथेच ती मुख्य गोष्ट येते. सागवानात सिलिका असते आणि ती धारेला खाते. साध्या पोलादाचे पाते प्लायवूडवर जेवढे टिकते तेवढे सागवानावर टिकत नाही. बोथट पाते कापत नाही, घासते. मग माणूस यंत्र जोराने रेटतो, पाते तापून वाकते, कापलेली कड काळी पडते आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो. वळणाच्या कामासाठी अरुंद पाती निराळी मिळतात; त्यांची पाठ कमी रुंद असल्याने ती लहान वळण घेऊ शकतात. मी अशी अरुंद पाती आणि सरळ कापण्यासाठी बायमेटलची (लवचीक पाठीला कडक पोलादाचे दात जोडलेली) पाती इतवारीतून नवी घेतली. काही शे रुपयांचा हा खर्च सगळ्या कामात सर्वांत सार्थकी लागलेला होता. ही पाती पुढे कोणत्याही टी-खोबणीच्या जिगसॉत चालतील, म्हणजे पुढल्या वेळी यंत्र पुन्हा भाड्याचे आणले तरी पाती घरचीच असतील.

कापताना दोन गोष्टी उपयोगी पडल्या. नेहमीचे पाते वर येताना कापते, म्हणून लाकडाचे तुसे वरच्या बाजूने निघतात. त्यामुळे नंदीची आकृती फळीच्या आतल्या, म्हणजे पुढे चिकटवली जाणाऱ्या बाजूवर काढावी आणि तीच बाजू वर ठेवून कापावे. बाहेर दिसणारी बाजू खाली राहते आणि स्वच्छ निघते. दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रावरचा पाते पुढे-मागे झुलवणारा खटका वळणाच्या वेळी शून्यावर ठेवावा. तो झुलता असेल तर कापणी भरभर होते, पण वळणे ओबडधोबड येतात. पुढचे पाय आणि पोट यांच्यामधली खोल वळणे एका दमात घेण्याऐवजी बाहेरून त्या रेघेपर्यंत आधी सरळ काप घेऊन ठेवले. मग पाते वळताना मधले तुकडे आपोआप गळून पडत गेले आणि पात्यावर ताण आला नाही.

लाकडाविषयी थोडेसे. लकडगंजात सागवानाचे उरलेले तुकडे मिळतात आणि एका नंदीला ते पुरतात. बल्लारशाच्या आगारातून येणाऱ्या या भागातल्या सागवानाची ख्याती मोठी आहे; 2023 मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपुरातून गेले होते. नवशिक्याने मात्र शिवणीच्या लाकडाचाही विचार करावा. ते हलके, कोरायला मऊ आणि हवामानाने फारसे न वाकणारे आहे. रंगवायचाच नंदी असेल तर सागवानाचे सुंदर रेषाकाम रंगाखाली झाकणे मला काही पटत नाही. माझा नंदी तेलपाण्याचाच ठेवायचा होता, म्हणून सागवान. पाचही फळ्यांच्या रेषा एकाच दिशेने ठेवून चिकटवाव्यात, म्हणजे पावसाळ्यात फुगलेले लाकूड हिवाळ्यात आटले तरी जोड एकमेकांना ओढत नाहीत.

डाय ग्राइंडरचा अनुभव संमिश्र होता. पहिले यंत्र दुकानातच सुरू करून पाहिले तेव्हा दांडीचे टोक धूसर दिसत होते, म्हणजे ते सरळ फिरत नव्हते. यंत्र बंद करून कॉलेट बाहेर काढले तर त्याच्या आतल्या चिरांमध्ये लोखंडाचा चुरा बसलेला आणि एक पाकळी झिजलेली होती. दादांनी दुसऱ्या यंत्रातला कॉलेट काढून बसवला आणि मग टोक रेघेसारखे स्वच्छ दिसू लागले. अशा दुकानांत यंत्राची मोटर सहसा धड असते. झिजतो तो कॉलेट, आणि त्याची किंमत यंत्राच्या मानाने अगदी किरकोळ असते. दुकानाने दर हंगामाला कॉलेट बदलले तर त्यांच्या सगळ्या ग्राइंडरांचा कस दुप्पट होईल, असे मी त्यांना सांगितले आहे. कॉलेट 6 मिलिमीटरचा आहे की पाव इंचाचा, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा, हेही विचारून घ्यावे. 6 ची दांडी पाव इंचाच्या कॉलेटमध्ये आवळता येते असे वाटते, पण ती पुरती धरली जात नाही आणि फिरताना निसटू शकते. एवढ्या वेगाला निसटलेला बर कुठे जाईल हे सांगता येत नाही.

बरच्या निवडीतही फसगत होण्याचा संभव आहे. हार्डवेअरच्या दुकानात टंगस्टन कार्बाइडचा बर मागितला की बहुतेक वेळा एकमेकांना छेदणाऱ्या बारीक दातांचा बर हाती ठेवतात. तो पोलादासाठी उत्तम आहे. लाकडावर, त्यातही तेलकट सागवानावर, त्याचे दात क्षणात भुशाने भरतात आणि तो लाकूड कापण्याऐवजी जाळू लागतो. लाकडाला एकाच दिशेने जाणारे, मोठ्या आणि खोल खाचांचे दात हवेत. बाजारात असा बर ॲल्युमिनियमसाठीचा म्हणून मिळतो, कारण मऊ धातूही बारीक दातांत असाच अडकतो. लंबगोल डोक्याचा असा एक बर पोटाच्या आणि मांड्यांच्या गोलाईसाठी आणि निमुळत्या टोकाचा दुसरा मानेखालच्या वळणासाठी, एवढे पुरे होते. डोके जितके मोठे तितका त्याच्या कडेचा वेग जास्त. 25,000 फेऱ्यांना 6 मिलिमीटरच्या डोक्याची कड सेकंदाला सुमारे 8 मीटर धावते आणि 12 मिलिमीटरच्या डोक्याची त्याच्या दुप्पट. बरच्या वेष्टनावर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असल्याची खात्री करूनच तो घ्यावा. वेष्टन नसलेला सुटा बर स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा.

या यंत्राने लाकूड झिजवण्यात जे समाधान आहे ते मात्र सांगितलेच पाहिजे. चिकटवलेल्या पाच फळ्यांच्या पायऱ्या हळूहळू बोथट होतात, मग नाहीशा होतात, आणि एका क्षणी वशिंडाच्या मागचा उतार पाठीत असा काही मिसळतो की तिथे कधी जोड होता हे बोटाला कळत नाही. बर दाबायचा नसतो; तो लाकडावरून नुसता फिरवत राहायचा, दोन्ही हातांनी धरून, आणि कड आली की तिच्या आतून बाहेर न जाता बाहेरून आत यायचे, कारण कडेवरून बाहेर पडताना तो उसळतो आणि चीर पाडतो. मानेवर, जिथे लाकडाची रेषा आडवी येते, तिथे बर क्षणभर थांबला तरी तपकिरी डाग उमटतो. तो डाग वरवरचा नसतो, अर्धा मिलिमीटर तरी आत गेलेला असतो, आणि पॉलिश पेपरने तो घालवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात अख्खा पाय घासून होतो.

सागवानाच्या भुशाबद्दल गंभीरपणे लिहायला हवे. डाय ग्राइंडरचा भुसा पिठाइतका बारीक असतो आणि बराच वेळ हवेत तरंगतो. सागवानातील काही द्रव्यांमुळे त्वचेला आणि श्वसनमार्गाला त्रास होऊ शकतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. एका नंदीने कोणी आजारी पडत नाही, पण रुमाल बांधून हे काम करणेही योग्य नाही. एन-95 मास्क, बाजूंनी बंद असलेला चष्मा आणि कानात इअरप्लग यांशिवाय यंत्र सुरू करू नये. ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस यांना फिरत्या यंत्राजवळ जागा नाही, आणि सैल हातमोजेही घालू नयेत कारण तेच बरमध्ये गुरफटतात. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये, नंदी त्यांच्यासाठीच असला तरी. दुकानाने यांपैकी एकही वस्तू भाड्याच्या डब्यात ठेवलेली नव्हती किंवा विकायलाही ठेवलेली नव्हती. मास्क आणि चष्मा काउंटरवर विकायला ठेवण्यात त्यांचा फायदाच आहे.

भाड्याने घेऊ नयेत अशा आणखी वस्तू म्हणजे शिकंजे. पाच फळ्या एकमेकींना चिकटवताना फेव्हिकॉल सर्वत्र सारखा दाबला जावा म्हणून बरेच शिकंजे लागतात आणि नागपूरच्या पावसाळी हवेत तो वाळायलाही जास्त वेळ घेतो, म्हणून ते रात्रभर लावून ठेवावे लागतात. रोजच्या भाड्याने त्यांचा हिशोब बसत नाही. शिवाय शिकंजा झिजत नाही आणि त्याचे काम घरात कायम निघत राहते. ते मी विकत घेतले. यावरून एक व्यवहारी क्रमही ठरतो: आधी जिगसॉ आणून सर्व फळ्या कापून तो परत करावा, मग सावकाश चिकटवावे, आणि सगळे कडक वाळल्यावरच ग्राइंडर आणावा. दोन्ही यंत्रे एकदम घरी आणून ठेवली तर एक नुसतेच पडून भाडे खात राहते. असे टप्प्याटप्प्याने नेल्यामुळे दोन्ही यंत्रांचे मिळून भाडे एका नव्या ग्राइंडरच्या किमतीच्या मानाने अगदी थोडे झाले.

परतीच्या वेळी दुकानाने यंत्र चालवून पाहिले, वायर आणि किल्ल्या तपासल्या आणि अनामत तिथल्या तिथे रोख परत दिली. ग्राइंडर परत करण्यापूर्वी मी त्याच्या हवेच्या झरोक्यांतला भुसा ब्रशने काढला होता. पुढच्या गिऱ्हाइकाला गरम होणारे यंत्र मिळू नये म्हणून हे प्रत्येकाने करावे. तेलकट भुसा झरोक्यात बसला की मोटरला हवा मिळत नाही. ब्रश करायला लागलेली पाच मिनिटे दुकानाच्या लक्षात आली आणि पुढच्या वेळी अनामत निम्मी घेऊ असे ते आपणहून म्हणाले, याचा मला आनंद झाला.

ज्यांना पुढच्या वर्षी असे काही करायचे आहे त्यांनी श्रावण लागताच यंत्र सांगून ठेवावे. पोळ्याच्या आधीचा आठवडा मूर्तींचे मखर आणि मंडप करणाऱ्यांचाही असतो, तेव्हा चांगल्या कंपनीची यंत्रे आधीच बाहेर गेलेली असतात आणि मागे राहिलेली कॉलेट झिजलेली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी परत करण्याची वेळ मात्र पावतीवर लिहून घेऊ नये. त्या दिवशी मारबत आणि बडग्यांची (वाईट गोष्टींचे प्रतीक म्हणून मिरवून जाळल्या जाणाऱ्या पुतळ्यांची) मिरवणूक निघते, इतवारी आणि महाल भागातले रस्ते माणसांनी भरून जातात, आणि यंत्र घेऊन तिथून दुकानापर्यंत पोहोचणे जमत नाही. परतीची वेळ पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची ठेवावी. तेलाचा शेवटचा हात वाळायलाही तेवढा अवधी लागतोच.